टिनटिनची चांद्रमोहीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आम्ही काहीजण महिन्यातून एकदा एका घराच्या गच्चीवर जमतो आणि एखादी चित्रकादंबरी पानापानानं वाचतो. आजवर सगळ्यांत जास्त प्रश्न आले ते टिनटिन या तरुण बातमीदाराच्या चांद्रमोहिमेवर. कराड, वाई, कोरेगाव, फलटण, काही तर सांगलीहूनही. विचारणाऱ्यांत सातवीतली मुलं आहेत, त्यांच्या आया आहेत, विज्ञानाचे सर आहेत, आणि ‘ही पोरांची पुस्तकं तुम्ही एवढी गंभीरपणे का घेता’ असं दर खेपेला विचारून शेवटपर्यंत बसून राहणारे एक निवृत्त काकाही आहेत. तेच ते प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. प्रश्न १५ आणि १६ मध्ये शेवट उघड केला आहे. पुस्तक वाचायचं राहिलं असेल तर ते दोन सोडून पुढं जा.

१. नक्की कोणतं पुस्तक? एक आहे की दोन?

पुस्तकं दोन, गोष्ट एक. बेल्जियमचा चित्रकार एर्जे याची ‘डेस्टिनेशन मून’ आणि ‘एक्स्प्लोरर्स ऑन द मून’. मूळ फ्रेंचमध्ये. मार्च १९५० मध्ये ही गोष्ट ‘टिनटिन’ साप्ताहिकात क्रमशः सुरू झाली. त्याच सप्टेंबरात एर्जेची तब्येत ढासळली आणि मालिका दीडेक वर्ष बंद पडली. एप्रिल १९५२ ला ती पुन्हा सुरू झाली आणि १९५३ च्या अखेरीस संपली. पुस्तकरूपात पहिला भाग १९५३ ला, दुसरा १९५४ ला आला, इंग्रजी अनुवाद १९५९ चा. प्रत्येकी ६२ पानं.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: मालिका पुन्हा सुरू झाली त्याच १९५२ साली आपल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्पुटनिक उडायला अजून पाच वर्षं होती आणि आर्मस्ट्राँगचं पाऊल पडायला सतरा.

गोष्ट अशी. प्रोफेसर कॅल्क्युलस सिल्डाव्हिया या काल्पनिक देशात, डोंगरात दडवलेल्या स्प्रॉज नावाच्या अणुसंशोधन केंद्रात, चंद्रावर जाणारं रॉकेट बांधतोय. टिनटिन, कॅप्टन हॅडॉक, कुत्रा स्नोई आणि इंजिनिअर फ्रँक वुल्फ त्याच्याबरोबर निघतात. कुणीतरी परकी मंडळी गुपितं चोरायच्या मागावर आहेत. पहिला भाग अगदी नको तिथं तुटतो: रॉकेट उडालंय, आतले सगळे बेशुद्ध आणि पृथ्वीवरून रेडिओवर हाकांवर हाका चालू आहेत. त्यामुळे दोन्ही भाग हाताशी असल्याशिवाय वाचायला बसू नका.

२. आधीचे टिनटिन वाचावे लागतात का?

नाही. दोन ठिकाणी थोडं अडेल. थॉमसन-थॉम्प्सन या पोलीस गुप्तहेरांच्या जोडगोळीचे केस अचानक रंगीबेरंगी होऊन वाढायला लागतात. ते आधीच्या एका गोष्टीत त्यांनी भलत्याच गोळ्या खाल्ल्या होत्या त्याचं दुखणं उलटलंय. दुसरं म्हणजे कर्नल यॉर्गन. तो आधी येऊन गेलेला खलपुरुष आहे, पण इथं त्याची ओळख नव्यानं करून दिलेली आहे.

३. माझी मुलगी पाचवीत आहे. द्यावं का? त्यात दारू फार आहे म्हणतात.

द्या, पण दुसरा भाग तिच्याबरोबर बसून वाचा.

दारू आहे. कॅप्टन खगोलशास्त्राची जाडजूड पुस्तकं आतून पोखरून त्यात व्हिस्कीच्या बाटल्या लपवतो. मुलं यावर खदखदून हसतात, मोठेही. पण हे हसणं फुकट जात नाही. दारूच्या नशेत तो रॉकेटबाहेर पडतो आणि त्याला परत आणताना बाकीच्यांचा जीव टांगणीला लागतो. नशेची इतकी रोकठोक किंमत मोजायला लावणारं मुलांचं दुसरं पुस्तक मला चटकन आठवत नाही.

मला जास्त विचार करावासा वाटतो तो एका मृत्यूचा. दुसऱ्या भागाच्या शेवटाकडं एक पात्र स्वतःहून मरण पत्करतं. चित्रात रक्त नाही, आरडाओरडा नाही, आणि म्हणूनच ते मुलांच्या मनात राहतं. त्यावर बोलणारं कुणीतरी जवळ हवं. सविस्तर प्रश्न १६ मध्ये.

४. मुलाचं इंग्रजी कच्चं आहे. झेपेल का?

पहिला भाग जड जाईल, कारण त्यात बोलणं फार आहे (प्रश्न ७ पाहा). टिनटिनचे हिंदी अनुवाद निघालेले आहेत, ते मिळाले तर उत्तमच. नाहीतर आम्ही गच्चीवर करतो ते करा. एकानं इंग्रजी वाचायचं, दुसऱ्यानं लगेच आपल्या बोलीत सांगायचं. कॅप्टनच्या शिव्या साताऱ्याच्या भाषेत फार चांगल्या उतरतात, तेवढं काम मुलांकडं द्या.

५. साताऱ्यात मिळेल का?

राजपथावर किंवा पोवई नाक्याला दुकानात तयार असेलच असं नाही, पण नाव दिलं तर मागवून देतात. दोन्ही भागांची नावं कागदावर लिहून द्या. नुसतं ‘टिनटिनचं चंद्राचं’ म्हटलं की दुसराच भाग येतो, कारण मुखपृष्ठावर चंद्र त्याच्यावर आहे. पुण्याला जाणं झालं तर अप्पा बळवंत चौक आहेच. तीन गोष्टी एका जिल्दीत घातलेली छोट्या आकाराची आवृत्तीही असते. ती घेऊ नका. अक्षर बारीक होतं आणि चित्रांचा जीव जातो.

६. पहिला भाग संपत आला तरी रॉकेट उडत नाही. हा सरळसरळ दोष नाही का?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. तक्रार निम्मी खरी आहे.

६२ पानांत आधी तपासणी नाके, ओळखपत्रं, केंद्राची सफर, आराखडे, पहारे, डोंगरात उतरलेले हेर. प्रवास अगदी शेवटच्या पानांवर सुरू होतो. साहसकथा म्हणून हातात घेतलेल्याला हे रटाळ वाटणारच. पण या सगळ्या तयारीच्या मधोमध एक फार हुशारीची गोष्ट घडते. माणसांशिवायचं एक चाचणी रॉकेट, एक्स-एफएलआर ६, चंद्राला वळसा घालायला पाठवतात. ते परत येत असताना शत्रू त्याचा ताबा घेतात. तसं झालंच तर रॉकेट हवेतच उडवून देता यावं, अशी सोय टिनटिननं आधीच सुचवून ठेवलेली असते आणि शेवटी तेच करावं लागतं. इतकी मेहनत आकाशात फुटून जाते. त्या क्षणापासून वाचकाला कळून चुकतं, की आतलं कुणीतरी फितूर आहे. पुढं त्याच केंद्राच्या दुसऱ्या रॉकेटात आपली माणसं चढतात तेव्हा पोटात गोळा येतो तो या पानांमुळे. ही पानं काढली तर दुसऱ्या भागातला एकही धक्का बसणार नाही.

आता दोन प्रसंग शेजारी ठेवा. पहिल्यात कॅप्टन कॅल्क्युलसच्या कामाला पोरखेळ म्हणतो आणि हा भिडस्त, कमी ऐकू येणारा म्हातारा असा पेटतो की कॅप्टनला ओढत सगळ्या केंद्रातून फिरवतो. पहारेकऱ्यांना जुमानत नाही, शिड्या चढतो, रॉकेटचा मजलान् मजला दाखवतो, आणि दर मजल्यावर तेच शब्द कॅप्टनच्या तोंडावर फेकतो. वाचकाला रॉकेटची रचना समजावून सांगायची होती. ते काम एर्जेनं रागाकडून करून घेतलं. अशी जागा चित्रकथेत क्वचित सापडते.

दुसरा प्रसंग लगेच त्यामागून येतो. कॅल्क्युलस पडतो, स्मृती जाते आणि ती परत आणायला कॅप्टन एकामागून एक सोंगं काढतो. इथं गोष्ट एक पाऊल पुढं सरकत नाही. साप्ताहिकाचं पान भरायचं होतं हे उघड दिसतं. मंदपणाची तक्रार करायचीच तर या पानांची करा.

७. चित्रांत एवढं काय आहे? रेषा तर साध्याच दिसतात.

साध्या दिसाव्यात म्हणूनच कष्ट घेतलेत. रेषेची जाडी सगळीकडं जवळजवळ सारखी, सावल्या कमी, रंग सपाट. माणसांचे चेहरे दोन ठिपके आणि एका नाकावर भागवलेले, पण यंत्र आलं की प्रत्येक नळी आणि बोल्ट जागच्या जागी. या कामासाठी रॉकेटचं आतून दिसणारं मॉडेल बनवून घेतलं होतं. एर्जेच्या स्टुडिओतल्या चित्रकारांना, त्यांत बॉब द मूर हा प्रमुख, कोणतं पात्र कुठल्या मजल्यावर उभं आहे हे त्यावरून पक्कं ठरवता यायचं. म्हणूनच शिडीवरून कुणी खाली उतरलं तर पुढच्या चौकटीत ते नेमक्या त्याच खोलीत पोचतं. दुसरा भाग एकदा फक्त शिड्यांकडं लक्ष ठेवून वाचा.

रॉकेटचे लाल-पांढरे चौकडे नुसती शोभा नाही. जर्मनांच्या व्ही-२ रॉकेटांना चाचणीत असे ठळक रंगाचे पट्टे असत, म्हणजे उडताना ते स्वतःभोवती किती फिरतंय हे जमिनीवरून दिसे. एर्जेनं आकारही बराचसा तिथूनच घेतला.

चंद्रावर पोचल्यावर रंगांची पेटी एकदम आवळली जाते. काळं आकाश, करडी जमीन, नारिंगी पोशाख. तीन रंगांत सगळा एकटेपणा.

कमी कुठं पडतात? बोलण्याच्या फुग्यांत. कॅल्क्युलस एकदा समजावू लागला की अर्धी चौकट अक्षरांनी भरते आणि माणसं खालच्या कडेला चेंगरून उभी राहतात. ज्या चित्रकाराला रागाच्या एका फेरीत सगळं केंद्र दाखवता येतं, त्यानं इथं चित्रावर भरवसा ठेवला नाही.

८. विज्ञान कितपत खरं आहे?

१९५० सालचा विचार करता चकित व्हावं इतकं. एर्जेनं फ्रेंच अंतराळ अभ्यासक अलेक्झांडर अनानॉफ यांचं पुस्तक आधाराला घेतलं होतं, शिवाय शास्त्रज्ञ बर्नार्ड ह्यूवेलमान्स यांची मदत होती.

इंजिन चालू असेपर्यंत रॉकेटातल्यांना वजन जाणवतं आणि इंजिन बंद पडताच ते तरंगू लागतात, हे बरोबर आहे. याच जागी कॅप्टनची व्हिस्की पेल्यातून निसटून गोळा होऊन हवेत फिरते. कॅप्टन तो गोळा तोंडानं पकडायला धावतो, ही चौकट मुलं पुन्हा पुन्हा मागतात. द्रव असा गोल होणं हेही बरोबर, पृष्ठताण म्हणतात तो हाच. निम्म्या वाटेवर रॉकेट उलटं फिरवून त्याच इंजिनानं वेग कमी करणं, हेही बरोबर. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी अणुइंजिन न वापरता साधं रासायनिक इंजिन लावतात, म्हणजे जमिनीवर किरणोत्सर्ग पसरू नये, ही काळजी तर किती जणांच्या लक्षातही येत नाही. चंद्रावर वजन एक षष्ठांश होतं तेही ठीक: नव्वद किलोचा पैलवान तिथं स्प्रिंगच्या काट्यावर पंधरा किलो भरेल.

आणि ते चाचणी रॉकेट चंद्राच्या पलीकडच्या बाजूचे फोटो काढायला जातं. सोव्हिएत ल्युना ३ नं ते प्रत्यक्षात केलं ऑक्टोबर १९५९ मध्ये.

९. अपोलोला चार दिवस लागले आणि हे लोक चार तासांत पोचतात. थाप ना?

उलट, हा हिशोब पुस्तकातल्या सगळ्यांत पक्क्या हिशोबांपैकी आहे.

अपोलो ११ ला १६ जुलै १९६९ ला उडून २० जुलैला चंद्रावर उतरता आलं, कारण इंधन मोजकं होतं. सुरुवातीला एक जोराचा धक्का, मग इंजिन बंद आणि बाकीची वाट नुसती घरंगळत. कॅल्क्युलसचं इंजिन थांबतच नाही. पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतकं त्वरण धरा, निम्म्या अंतरापर्यंत वेग वाढवत न्या आणि उरलेल्या निम्म्यात कमी करत आणा. ३ लाख ८४ हजार किलोमीटर साडेतीन तासांत पार होतात. मध्यावर वेग सेकंदाला साठ किलोमीटरच्या पुढं जातो. अकरावीच्या मुलांना हे गणित घालून बघा, दोन ओळींत सुटतं.

थाप आहे ती इंजिनाची. इतका वेळ इतका जोर देणारं आणि त्या उष्णतेनं वितळून न जाणारं यंत्र आजही कुणाकडं नाही. पण लेखकानं एक मोठी थाप मागून घ्यावी आणि बाकीचं सगळं तिच्याशी इमानानं चालवावं, हा विज्ञानकथेचा जुना करार आहे. इथं तो पाळलाय.

१०. चंद्रावरचे डोंगर असे सुळक्यांसारखे असतात का?

नसतात. एर्जेनं त्या काळच्या बहुतेक चित्रकारांसारखे टोकदार कडे काढले. तर्क असा होता, की हवा नाही, पाऊस नाही, मग झीज कशानं होणार? प्रत्यक्षात बारीकसारीक उल्कांचा मारा अब्जावधी वर्षं चालू आहे आणि त्यानं चंद्रावरचे डोंगर घासून गोल झालेत. अपोलोच्या फोटोंत ते गुळगुळीत पाठीसारखे दिसतात. गंमत म्हणजे टिनटिन उतरतो ते हिप्पार्कस विवर दीडशे किलोमीटरच्या आसपास रुंद आणि फार जुनं आहे. त्याच्या भिंती इतक्या झिजल्यात की दुर्बिणीतही ते शोधावं लागतं.

पण हा दोष मी पुस्तकाच्या खात्यावर मांडत नाही. ते तेव्हा फारसं कुणाला माहीत नव्हतं. चित्रकाराला सह्याद्रीचे कडे चंद्रावर न्यावेसे वाटले तर त्यात अगदीच तथ्य नाही असंही नाही. चंद्रावर नुसत्या डोळ्यांनी दिसणारे काळे डाग बेसाल्टचे आहेत आणि अजिंक्यताराही बेसाल्टचाच.

याच प्रश्नाला जोडून विचारतात: फोटोत चंद्राचं आकाश बिनचांदण्यांचं असतं, मग पुस्तकात चांदण्या कशा? फोटोत त्या येत नाहीत कारण उजळ जमिनीसाठी कॅमेऱ्याचं शटर क्षणभरच उघडतं. चांदण्या असतातच. इथं एर्जेची बाजू बरोबर आहे.

११. पुस्तकात चंद्रावरच्या गुहेत बर्फ सापडतो आणि चांद्रयानानंही पाणी शोधलं. म्हणजे एर्जे द्रष्टा ठरला ना?

कोरेगावच्या एका सरांनी हा प्रश्न फार उत्साहानं पाठवला होता. त्यांचा हिरमोड करायला जिवावर येतं, पण निम्मंच ‘हो’ म्हणता येईल.

चांद्रयान-१ च्या मोजमापांतून चंद्रावर पाण्याचे रेणू असल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं, हे खरं. ध्रुवांजवळच्या कधीच ऊन न पोचणाऱ्या खड्ड्यांत बर्फ असल्याच्या खुणाही मिळाल्या. हिप्पार्कस मात्र विषुववृत्ताजवळ आहे. आणि एर्जेच्या गुहेत लोंबते आणि उभे सुळके आहेत. तसे सुळके होण्यासाठी पाणी थेंबथेंब ठिबकावं लागतं आणि हवेचा दाब नसलेल्या जागी पाणी द्रवरूपात टिकतच नाही. ‘बर्फ आहे’ हा अंदाज बरोबर निघाला, ‘असा आहे’ हा नाही.

त्या गुहेत स्नोई कोसळतो आणि टिनटिन त्याच्यामागं उतरतो ती पानं मात्र साहसकथा म्हणून पहिल्या दर्जाची आहेत.

१२. मग खरी, माफ न करण्यासारखी चूक कोणती?

अ‍ॅडोनिस. नशेतला कॅप्टन रॉकेटबाहेर पडतो, तेवढ्यात अ‍ॅडोनिस नावाचा लघुग्रह जवळून जातो आणि कॅप्टन त्याच्याभोवती उपग्रहासारखा फिरू लागतो.

अ‍ॅडोनिस खरा आहे. १९३६ मध्ये बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ यूजीन डेलपोर्ट यांनीच तो शोधला. पण तो आहे जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा. एवढ्या खडकाची ओढ इतकी क्षीण असते, की त्याच्यापासून सुटायला सेकंदाला फूटभर वेगही पुरे. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं शेजारून जाणाऱ्या कॅप्टनला तो काय धरून ठेवणार?

डोंगरांना माफी दिली आणि याला का नाही, असं लगेच विचारतात. कारण हे गणित १९५० लाही करता येत होतं. न्यूटनचं आहे. ज्या पुस्तकानं प्रवासाचा वेळ, इंजिनाची जात आणि प्राणवायू इतक्या काटेकोरपणे सांभाळला, त्यानं एका गमतीसाठी स्वतःचाच नियम मोडला. एखाद्या भोंगळ अंतराळकथेत मी हे हसून सोडलं असतं. इथं खुपतं. अर्थात गच्चीवर हे सगळं ऐकून घेतल्यावर एक सातवीतला म्हणाला, ‘पण ते पानच सगळ्यात भारी आहे.’ त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

१३. थॉमसन-थॉम्प्सन फार वेळ खात नाहीत का?

खातात. हे दोघे चुकून रॉकेटात राहतात कारण उड्डाण रात्री १ वाजून ३४ मिनिटांनी आहे आणि यांना वाटतं दुपारी. इथवर झकास, कारण या घोटाळ्यामुळे चौघांच्या प्राणवायूत वाटेकरी वाढतात आणि गोष्टीचा फास आवळतो. त्यांचा उपयोग इथंच संपतो. केस वाढण्याचा सगळा प्रकार रॉकेटात घडण्याचं काहीच कारण नाही.

१४. एकही बाई का नाही?

नाही, आणि असायला हवी होती. ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. एवढ्या मोठ्या संशोधन केंद्रात लक्षात राहील अशी एकही बाई नसावी, ही त्या काळाच्या मानानंही कल्पनेची कंजुषी आहे.

१५. खलनायक नक्की कुणाचे हस्तक आहेत? (शेवट उघड होतो)

पुस्तक सांगत नाही. शीतयुद्धाचा काळ होता, पण एर्जे कुठल्या देशाचं नाव घेत नाही. त्यामुळे गोष्ट जुनी झाली नाही हा फायदा, आणि यॉर्गनला ‘मी वाईट आहे’ यापलीकडं कारणच उरलं नाही हा तोटा. तो रॉकेटात लपून येतो, चंद्रावर लपल्या जागेतून बाहेर पडतो, परतीच्या वाटेवर झटापटीत बंदूक उडून मरतो. त्याच्या मरणाचं कुणाला काही वाटत नाही, वाचकालाही नाही. पुस्तकातलं खरं वाईट दुसरीकडं आहे, एका भल्या माणसाच्या भित्रेपणात.

१६. वुल्फच्या शेवटाबद्दल इतके वाद का? (शेवट उघड होतो)

फ्रँक वुल्फ हा कॅल्क्युलसचा उजवा हात. कामात चोख, बोलायला मऊ, कपाळावर सतत घाम. घामाचे ते थेंब एर्जे पहिल्या भागापासून काढत आलाय. पहिल्या वाचनात वाटतं, कष्टाळू माणूस आहे, दमला असेल. दुसऱ्या वाचनात एकेक थेंब वेगळा दिसतो. जुगाराच्या कर्जापायी तो अडकलेला असतो आणि त्याच धाग्यानं त्याला शत्रूंनी ओढलेलं असतं.

रॉकेट चौघांसाठी. थॉमसन-थॉम्प्सन दोघे आणि लपलेला यॉर्गन धरून श्वास घेणारे सात झाले. यॉर्गन मेल्यावरही परतीला प्राणवायू पुरणार नाही हे सगळ्यांना कळलेलं असतं. बाकीचे झोपेत असताना वुल्फ एक चिठ्ठी लिहून ठेवतो आणि रॉकेटचं दार उघडून बाहेर जातो.

साहसकथेत फितुराला शिक्षा होते, इथं फितूर स्वतः हिशोब चुकता करतो.  वुल्फ हाच या दोन्ही भागांचा कणा आहे असं माझं मत आहे. बाकीचे सगळे पहिल्या पानावर जसे असतात तसेच शेवटच्या पानावर असतात. बदलतो तो एकटाच.

वाद आहे तो चिठ्ठीतल्या एका वाक्याचा. कदाचित एखादा चमत्कार होऊन मीही वाचेन, अशा अर्थाचं काहीतरी वुल्फ त्यात लिहितो. आत्महत्येला पाप मानणाऱ्या कॅथलिक मंडळींच्या दबावामुळं एर्जेनं ते घातलं आणि पुढं त्याचं त्यालाच ते खटकलं. खटकणारच. उघड्या अवकाशात कसला चमत्कार? इंजिनिअर असलेला वुल्फ असं लिहिणार नाही. अ‍ॅडोनिसच्या चुकीत पदार्थविज्ञान मोडलं, इथं माणूस मोडला, आणि दोन्हींत मला ही मोठी वाटते.

घरात मुलांबरोबर हे पान वाचताना त्याला शौर्य म्हणून टाळ्या वाजवू नका आणि झटकन उलटूही नका. वुल्फनं सुरुवातीलाच कुणाला सांगितलं असतं तर, एवढंच विचारा. मुलं पुढचं स्वतःच बोलतात. मूल आधीच कुठल्या दुःखातून जात असेल तर हा भाग थोडा लांबणीवर टाका.

१७. टिनटिन स्वतः फार सपाट नाही का? चुकतच नाही.

सपाट आहे. त्याला भूतकाळ नाही, घरचं माणूस नाही, राग क्वचित. पण चंद्रावर यॉर्गन आणि वुल्फला तिथंच सोडून निघू या असं कॅप्टन म्हणतो तेव्हा नकार देणारा टिनटिनच आहे आणि त्या नकाराची किंमत प्राणवायूत मोजावी लागते हे त्याला माहीत आहे. हे एक पान त्याच्यासाठी पुरेसं आहे. बाकी माणूसपण कॅप्टनकडं सोपवलेलं आहे, त्याचं ओझं तो मजेत वाहतो.

१८. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनासाठी शाळेत वापरता येईल का?

येईल, फक्त पुस्तकाचं गुणगान करू नका. मुलांना चुका शोधायला लावा. आठवीपर्यंत डोंगर आणि वजन (प्रश्न ८ व १०), नववी-दहावीला गुहेतले सुळके (प्रश्न ११), अकरावीला प्रवासाचा वेळ आणि अ‍ॅडोनिस (प्रश्न ९ व १२). चौकट फळ्याजवळ लावायची आणि ‘यात बरोबर काय, चूक काय, आणि चूक असली तर तेव्हा कळणं शक्य होतं का’ हे विचारायचं. तिसऱ्या प्रश्नावर वर्ग जास्त वेळ भांडतो. पानं झेरॉक्स करून वाटण्यापेक्षा पुस्तकच फिरवा, काळ्या-पांढऱ्यात चंद्र आणि पोशाख एकच दिसतात.

१९. मी कराडला असतो, स्वतः विज्ञान-साहसाची चित्रकथा काढतोय. यातून काय घ्यावं, काय टाळावं?

आधी जागा पक्की करा. एर्जेला स्प्रॉज कल्पनेतून उभं करावं लागलं. तुमच्या जिल्ह्यात कोयना आहे. डोंगराच्या पोटातलं वीजघर, किलोमीटरचे किलोमीटर बोगदे, आणि १३ मार्च १९९९ चं लेक टॅपिंग, म्हणजे भरलेल्या जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडण्याचं काम. एवढं डोळ्यांसमोर असताना न्यूयॉर्कमध्ये यान उतरवणारी पानं लोक मला पाठवतात, तेव्हा वाईट वाटतं.

मग आतला नकाशा काढा. कुठला जिना कुठं जातो हे तुम्हाला ठाऊक नसेल तर वाचक पाचव्या पानावर हरवतो. पुठ्ठ्याचं मॉडेल केलंत तर आणखी बरं.

समजावून सांगायचं असेल ते भांडणात घाला, कॅल्क्युलसच्या फेरीसारखं. एका चौकटीत तीन ओळींपेक्षा जास्त बोलणं आलं की चित्र पुन्हा काढा. थाप एकच मागा, आणि ती मागून झाल्यावर दुसरी मागण्याचा मोह अ‍ॅडोनिसएवढा गोड असला तरी खोडून टाका. तुमच्या गोष्टीत वुल्फ कोण आहे हे शोधा. यॉर्गन आपोआप सापडतो.

पहिली दहा-बारा पानं झाली की पाठवा. पेन्सिलीत चालतील, शाई नंतर. फक्त फोटो सरळ वरून आणि दिवसाच्या उजेडात काढा. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोंत अर्ध्या रेषा दिसतच नाहीत.